जिन्याखालची खोली

किल्ली माझ्याकडे असते.
अँटॉप हिलकडून येणारी पहिली बस पकडून
पावणेसातला मी खोली उघडते,
जिन्याखालची. तिथं आधी जुन्या उत्तरपत्रिका असायच्या
आणि एक मोडकी बाजाची पेटी.
उत्तरपत्रिका रद्दीत गेल्या. पेटी आहे अजून.
सुताराने भिंतीला फळी ठोकून दिली,
अकरा खुंट्या.
बिल मीच ऑफिसात नेलं. वर लिहिलं होतं :
'बुरखा स्टँड, नग एक.'

नोटीस लागली त्या दिवशी मी ती दोनदा वाचली.
'धर्म दिसेल असा कोणताही पेहराव.'
वाचताना हात आपोआप गळ्याशी गेला,
मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सारलं,
मग माझं मलाच हसू आलं. बाहेर काढलं.
हेडक्लार्क ढवळीकरांच्या कपाळावरचा टिळा
तेव्हाही ओला होता.
नोटिशीवर सही त्यांचीच, प्राचार्यांकरिता.

मुली येतात.
भिंतीकडे तोंड करून बटणं काढतात,
एसटी स्टँडवर लेकराला पाजायला
बाई बसते ना कोपऱ्यात, तशा.
सुमैय्या ठेंगणी. 'मावशी, खुंटी उंच आहे हो.'
दापोलीकडची मराठी, माझ्यापेक्षा गोड.
तिचा मीच अडकवते.
नौशीनला मात्र घाई. भिरकावूनच देते,
मान झटकते, केसांत लाल रंगवलेली बट.
'घरी नका सांगू हं.'
कुणाला सांगू?
भाऊ सोडायला येतो, तो म्हणतो घाल.
नोटीस म्हणते काढ.
मधल्या वीस पावलांत ती काय म्हणते ते मी ऐकलंय,
पण ते लिहिण्यासारखं नाही.

लक्ष ठेवा, असं मला सांगण्यात आलं आहे.
खिशांवरसुद्धा. कट्टरता कुठून शिरेल सांगता येत नाही.
म्हणून एकदा दार लावून खिसे तपासले,
कान तापले होते माझे.
अर्धी चिक्की. इन्सुलिनची पावती, आईच्या नावाची.
तीन पिना.
आणि एका चिठ्ठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत
बेन्झिनचा षटकोन, ऐन परीक्षेच्या दिवशी.
चिठ्ठी होती तिथं परत ठेवली.
एवढाच कट मला सापडला,
आणि मी त्यात सामील झाले.

कट्टर हा शब्द मी रोज बघते,
गेटसमोरच्या गाडीच्या मागच्या काचेवर, भगवा,
खाली लिंबू-मिरची. तिथं तो मिरवतो.
रात्री टीव्हीवर तोच आरोप होऊन येतो.
नऊ चौकटी, नऊ तोंडं.
त्यात एक दाढीवाला, तोही ओरडण्यात मागे नाही,
पोरींना घरी बसवा म्हणतो.
मी नवऱ्याला विचारलं,
यांतल्या कुणी कधी बुरख्याची घडी घातली असेल?
तो म्हणाला, मीठ दे.
सकाळी पेपरात मथळा : 'बुरखा फाटला'.
दचकलेच.
पतपेढीची बातमी होती.

डिसेंबरपासून सातवी खुंटी रिकामी आहे.
तहरीम तुंगेकरची.
भांडली नाही, अर्ज दिला नाही,
नोटीस वाचली आणि वळली,
घरी काही विसरल्यासारखी.

गेल्या मंगळवारी तिची आई आली, दाखला न्यायला.
वॉचमनने गेटवरच थांबवली.
आयांसाठी काय नियम, त्याला ठाऊक नव्हतं.
त्यानं वर फोन लावला. कुणी उचलला नाही.
मिठागरांवरून खारा वारा येत होता,
तिचा बुरखा सारखा पायात अडकत होता.
शेवटी मीच रजिस्टर खाली आणलं,
कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर उघडलं.
तिनं सही केली, मराठीत.
शिरोरेघ शेवटी, एका दमात,
पट्टीनं ओढावी तशी.

मग विचारलं, ती खोली कुठली?
मी बोट दाखवलं.
गेटच्या गजांतून ती बराच वेळ बघत राहिली.
'खिडकी नाही तिला?'
नाही, म्हटलं.
आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून सांगितलं :
पंखा आहे.